सुतकातला ससाणा

माझ्या आयुष्यातलं प्रत्येक मोठं संकट बायकोच्या एखाद्या छोट्या वाक्यातून निघालेलं आहे. हे संकट "अहो, जरा स्लॅबवर बसता का?" या वाक्यातून निघालं.

वाक्य तसं निरुपद्रवी होतं. एप्रिल महिना, रविवारची सकाळ आणि गच्चीवर वृषालीच्या कुरडया. ज्यांच्या घरी कुरडया पाकिटातून येतात त्यांच्यासाठी सांगतो. गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा, हात भाजत सोऱ्यातून पिळायचा आणि उन्हात वाळत घालायचा. एवढं सगळं झालं की कावळा येतो आणि त्यातली सगळ्यात सुबक कुरडई उचलून नेतो. (ओबडधोबड कुरडईला तो चोच लावत नाही. माझ्या हातची एकही कुरडई आजवर चोरीला गेलेली नाही.)

तर मी काठी घेऊन बसलो. नारायणगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी क्लार्क आहे, त्यामुळे बसण्याचा अनुभव दांडगा. तरीही कावळा आला. त्यानं माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावरची कुरडई उचलली. जाताना घाईसुद्धा केली नाही.

"तुमी नक्की कुठं बसला व्हता?" वृषालीनं विचारलं.

"कुरडयांच्या मधोमध."

"मग कावळा आला कसा?"

"मला वाटतं, त्याला मी दिसलो नाही."

तिला हे लगेच पटलं. ती काठी घेऊन वर गेली.

न दिसणं हा माझा जुना आजार आहे. कॉलेजात हजेरीचं अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा सगळ्या स्टाफचे अंगठे त्यानं घेतले. माझ्या अंगठ्याला मात्र ते अजूनही 'पुन्हा प्रयत्न करा' असंच म्हणतं. पुण्याच्या मॉलमध्ये हात धुवायला गेलो तर नळाखाली हात नाचवून माझे खांदे दुखले. शेजारी एक गृहस्थ नुसते आरशात बघून भांग पाडत होते, त्यांच्या नळाला धो धो पाणी. मॉलचं काचेचं दारही माझ्यासाठी उघडलं नाही. वृषाली मागून आली तेव्हा उघडलं आणि मी तिच्याबरोबर आत गेलो, लग्नात आहेर घेऊन जाणाऱ्या बाईमागून जावं तसा.

पण त्या रविवारी माझ्या डोक्यात विचार आला की ही यंत्रं मला ओळखत नसतील तर नसोत, कावळ्याला ओळखतील. आणि मी नारायणगावला मोईजच्या दुकानात गेलो.

मोईज टीव्ही, मोटारीचे स्टार्टर आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. हल्ली तो सेन्सरही बसवून देतो, कारण आमच्या भागात बिबट्या इतका झालाय की गोठ्यापुढं काहीतरी लावावंच लागतं.

"काका, कशापायी पायजे? बिबट्यासाठी का रानडुकरासाठी?"

"कावळ्यासाठी."

मोईजनं हातातली सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. पण मुलगा गुणी आहे, हसला नाही. एक छोटी पांढरी डबी पुढं ठेवली. तिच्यावर दुधी रंगाचा एक फुगीर डोळा होता.

"जेवढं म्हणून गरम अंग हाय ना काका, माणूस म्हणा, कुत्रं म्हणा, बिबट्या म्हणा, त्यातनं उष्णता भाईर पडती. आपल्याला दिसत न्हाई, याला दिसती. याच्या आत दोन कप्पं हाईत. गरम वस्तू या कप्प्याफुडनं त्या कप्प्याफुडं सरकली की याला कळतं, काय तरी हललं. मग ते वरडतं. जे हलतच न्हाई, त्याच्याशी याला काय घेणं-देणं न्हाई."

"म्हणजे आमच्या ऑफिसात लावलं तर कधीच ओरडणार नाही."

"कावळं बारीक असतं, म्हून सेन्सिटिव्हिटी फुल करून देतो. आवाज कंचा पायजे? कुत्र्याचं भुकणं हाय, फटाका हाय, माणसाचं खेकसणं हाय."

"खेकसणं मला ऑफिसात मिळतं."

"मग ससाणा घ्या. द्राक्षाच्या बागावाले हाच नेत्यात."

"आणि बंद करायचं बटण?"

"आत. झाकणाला स्क्रू हाईत. बटण भाईर ठिवलं की चोर पयलं तेच दाबतो."

मला ही युक्ती फार आवडली. (ती पुढं मला किती महागात पडणार आहे हे तेव्हा कळलं असतं, तर मी स्क्रू ड्रायव्हर गळ्यात ताईत म्हणून घातला असता.)

पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी पाइप उभा केला, वर डबी, तिच्याखाली भोंगा, शेजारी चतकोर सोलर. वृषाली परात घेऊन वर आली आणि "कीईईईं" असा ससाणा किंचाळला. परात जिन्यावरून थेट अंगणात गेली. मांजर आलं, किंचाळला. शेजारच्या साळुबाई 'काय झालं' बघायला आल्या, त्यांच्यावर तर दोनदा किंचाळला. मग मी गेलो.

शांतता.

मी मागं गेलो, पुन्हा पुढं आलो. हात हलवले. वृषाली आणि साळुबाई कठड्याशी उभ्या राहून बघत होत्या, तरी मी थोडा नाचलोसुद्धा. शेवटी मोईजला फोन लावला.

"काका, तुमी त्याच्याकडं सरळ चालत जाताय का?"

"हो. मग कसं जाऊ?"

"आडवं जा. सरळ येणारा त्याला लवकर उमगत न्हाई, आडवा जाणारा लगेच उमगतो. त्यात भर उनाचं अंग आन् हवा सारखीच तापल्याली. फरकच कळंना त्याला."

मी फोन ठेवला आणि टाकीला टेकून बसलो. सरळ येणारा कळत नाही, आडवा जाणारा लगेच कळतो. माझं प्रमोशन का होत नाही हे आमच्या संस्थेत मला कुणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं.

पण कावळे गेले. एक दिवस, दोन दिवस, मग आमच्या गच्चीकडे फिरकेनासेच झाले. आळीतल्या बायका आपापले पापड, सांडगे, शेवया घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या आणि मी त्यांना सेन्सर समजावून सांगू लागलो. फोन कानाला लावला की पडदा काळा होतो तो सेन्सर. मागं घेताना जीप पीं पीं करते तो सेन्सर. पोल्ट्रीतला पंखा गरम झालं की आपोआप सुरू होतो तो सेन्सर. ओल किती आहे हे बघून ठिबक चालू होतं, तोही सेन्सरच.

"भाऊजी, दूध उतू चाललं ते कळायला बी काय असतंय का?" साळुबाईंनी विचारलं.

"असतं की. उष्णतेचाच सेन्सर."

"मग तो पयला बसवा. तुमच्या खाली मघापासनं करपल्याला वास येतुया."

या सगळ्या कौतुकात एकच माणूस नाखूष होतं. माझी चुलती, बयाबाई. वय नव्वदीपार, तोंडात दात नाही, पण जिभेला धार अशी की भलेभले तिच्या ओट्यापुढून मान खाली घालून जायचे. घर आमच्यासमोरच.

"रामदास, कावळं कुठं गेलं रं?"

"हाकलले काकी. सेन्सर लावलाय."

"पावणं येणार हाईत ते आता कोण सांगंल?"

"हल्ली पाहुणे फोन करून येतात."

"कावळ्याला हाकलू नगं बाबा," काकी म्हणाली. "त्याच्याशी यकदा तरी काम पडतं माणसाला."

मी हसलो. मे महिन्यात काकी आजारी पडली. वृषालीचा तिच्यावर फार जीव. नवी नवरी म्हणून आली तेव्हा वृषालीला सोऱ्या धरायला याच काकीनं शिकवलेलं. ती रोज डबा घेऊन जायची. एका दुपारी काकीनं तिच्याकडे तळलेली कुरडई मागितली. तेलाचं द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून वृषाली म्हणाली, "बऱ्या व्हा, मंग देते." त्यानंतरच्या पहाटे काकी गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता, भरल्या घरात.

काकीला दोन मुलगे. थोरला हौशीराम, धाकटा भरत. दोघांचा मिळून एक बैलगाडा, आणि त्यावरूनच दोघांचं बोलणं बंद. एका यात्रेत शर्यतीच्या घाटात गाडा पहिला आला आणि माइकवाल्यानं धाकट्याचं नाव आधी पुकारलं. झालं. तेव्हापासून बैल जोडीनं पळतात आणि मालक एकमेकांशी बोलत नाहीत. आई गेल्यावर तरी बोलतील असं वाटलं होतं, पण एकाला चहा हवा असला तरी दुसऱ्याला निरोप माझ्यामार्फत जायचा.

दशक्रिया आमच्या ओढ्याच्या बंधाऱ्यावर, घाटावर. हा घाट बरोबर आमच्या घराच्या मागं आहे. आमच्याकडच्या दशक्रियेला सगळा तालुका लोटतो. मांडव, भोंगे, महाराजांचं प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. काकीला आयुष्यात कधीही न पाहिलेले दोन भावी सभापती तिच्या आठवणी सांगून गहिवरले.

इकडे गेणभाऊ भावकीच्या डोक्यांवरून वस्तरा फिरवत होते. आधी हौशीराम, मग भरत, मग वयाच्या आणि मानाच्या क्रमानं बाकीचे. माझा नंबर शेवटी. (गेणभाऊ मला बोलवायलाच विसरले होते. मी आपला स्वतःहून जाऊन बसलो.) त्यांनी माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, डोकं भिजवलं आणि डावीकडून सुरुवात केली. तेवढ्यात कट्ट्यावर पिंड ठेवला गेला. सगळे मागं सरकले. आता कावळा येऊन शिवला की काकी मोकळी झाली आणि आपण जेवायला मोकळे.

कावळा आला. लांबून, ओढ्यापलीकडच्या चिंचेवरून. कावळा कधीही थेट पिंडावर उतरत नाही. आधी उंच जागी बसून अंदाज घेतो. आणि घाटाच्या आसपास सगळ्यात उंच जागा म्हणजे आमची पाण्याची टाकी.

"कीईईईं."

कावळा हवेतच उलटा फिरला आणि चिंचेत गडप झाला.

"ससाणा वरडला," कुणीतरी म्हणालं. शे-दीडशे माना आभाळाकडे वळल्या.

माझी मान गेणभाऊंच्या हातात होती, म्हणून मी नुसते डोळेच टाकीकडे वळवले. सुतक लागल्यापासून गच्चीवर पापड नाही, कुरडई नाही, वर कुणी गेलंच नाही. राखायला काही नसताना माझा सेन्सर इमानेइतबारे राखत बसला होता. यंत्राला सुतक नसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरा कावळा आला. "कीईईईं." गेला.

"काय तरी ऱ्हायलंय म्हातारीचं," पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. मग एकेक वस्तू पिंडापुढं येऊ लागली. मिश्रीची डबी आली. साखर जास्त असलेला चहा आला. बुंदी आली. भरतच्या बायकोनं घरी जाऊन टीव्हीचा रिमोट आणून ठेवला, कारण सासूबाई रोज संध्याकाळी हिंदी मालिका बघायच्या आणि शेवटचा भाग राहिला होता. तिसरा कावळा रिमोटकडे बघत टाकीवर आला आणि किंचाळी ऐकून पळाला.

साळुबाई गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आल्या आणि पदराआडून म्हणाल्या, "भाऊजी, तुमचाच ना ह्यो ससाणा?"

"हळू बोला."

"मी काय बोलत न्हाई. माझं बी पापड तितंच वाळल्यात. मला यात वढू नगा म्हंजी झालं."

तेवढ्यात मला वृषाली दिसली. ती बायकांत बसली होती आणि तोंडाला पदर लावून रडत होती. "माझ्यामुळं अडकल्यात काकी," ती शेजारणीला सांगत होती. "येक कुरडई मागितली व्हती वो त्यांनी. येक कुरडई न्हाई दिली मी." मला फार वाईट वाटलं. खरंच सांगतो, इतका वेळ मी स्वतःच्या अब्रूचा विचार करत होतो, तो विचार मागं पडला. आपल्या एका पांढऱ्या डबीपायी ही बाई जन्मभर मनाला लावून घेणार, असं दिसत होतं.

इकडे कट्ट्यापुढं हौशीराम हात जोडून उभा राहिला. "आई, तुझ्या मनात काय हाय ते कळलं मला. भरतसंगं बोलंन मी."

सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं. कावळा, टाकी, किंचाळी.

भरत पुढं आला. "आई, शर्यतीच्या घाटात दादाचं नाव आधी पुकारू दे. माझी हरकत न्हाई."

कावळा, टाकी, किंचाळी.

हौशीरामनं भरतकडे बघितलं. "तू मनापासनं बोलला न्हाईस."

"तूच न्हाईस बोलला. तुझ्याच वक्ताला कावळा आधी पळाला."

"माझ्या वक्ताला निदान टाकीवर टेकला तरी व्हता."

इतक्या काळानंतर सख्खे भाऊ समोरासमोर बोलले ते हे. महाराजांनी माइक हातात घेतला आणि भावांच्या प्रेमाबद्दल बोलायला सुरुवात केली. मी ती संधी साधली. गेणभाऊ दुसरीकडे वस्तरा धुवत होते. मी उठलो आणि अर्ध्या डोक्यानिशी, गळ्यात कापड बांधलेलंच, घराकडे पळत सुटलो. (नेहमीप्रमाणे कुणाच्याही लक्षात आलं नाही.)

बाहेरचा जिना चढून गच्चीवर गेलो. सरळ पाइपकडे गेल्यामुळे सेन्सरला मी दिसलो नाही. एवढं एक बरं झालं. पण झाकणाला स्क्रू, आणि स्क्रू ड्रायव्हर घरात, आणि घराची किल्ली वृषालीच्या कमरेला. मी नखानं प्रयत्न केला. नख गेलं. मोईजला फोन लावला.

"मोईज, लवकर सांग, स्क्रू न काढता हे बंद कसं करायचं?"

"वर कापड टाका काका. त्याला दिसलं न्हाई की ते गप."

कापड माझ्या गळ्यातच होतं. मी ते सोडलं आणि डबीवर टाकलं. आता विज्ञान असं सांगतं (हे मोईजनं मला नंतर सांगितलं) की उन्हात तापलेलं कापड वाऱ्यानं डोळ्यापुढं फडफडलं की सेन्सरला ते कुणीतरी भलंमोठं नाचतंय असंच वाटतं. सकाळी ओढ्यावरून वारा छान सुटतो. "कीईईईं. कीईईईं. कीईईईं." ससाण्याला श्वास घ्यायला वेळ मिळेना. मी कापड ओढायला गेलो तर ते पाइपला गुंडाळलं. मी पाइपला मिठी मारली, कापड फाडून काढलं आणि दोन्ही तळवे त्या डोळ्यावर घट्ट दाबले.

आवाज थांबला. मी हळूच खाली बघितलं.

सगळा तालुका माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी सगळ्यांना एकदम दिसलो होतो. डावीकडून तुळतुळीत, उजवीकडून केसाळ, उघडा, पाइपला मिठी मारलेला.

"रामदासराव," महाराजांचा आवाज भोंग्यातून आला, "आपण तिथं काय करीत आहात?"

मी सांगितलं. वरून ओरडूनच सांगावं लागलं, त्यामुळे दोन्ही भावी सभापतींनाही नीट ऐकू गेलं. कुरडया, कावळा, सेन्सर, ससाणा, सगळं सांगितलं. मोईजचं नाव घेतलं नाही, साळुबाईंचंही नाही. साळुबाई सगळ्यात मोठ्यानं "अगं बया" म्हणाल्या.

हौशीराम लालबुंद झाला. भरतला मात्र वेगळंच सुचलं. "म्हंजी आई नाराज नव्हतीच. यंत्रामुळं कावळा येत नव्हता. मग दादाचं नाव आधी हे मी मागं घेतो."

"मी बी मागं घेतो," हौशीराम म्हणाला. "कोण बोलतंय तुझ्यासंगं."

मी सेन्सर झाकला नसता तर हे दोघं तेरवीपर्यंत गळ्यात पडले असते. तेवढ्यात वृषाली उठून उभी राहिली. रडून डोळे लाल झालेले, पण आवाज खणखणीत.

"थांबा भावजी. कावळा अजून शिवल्याला न्हाई. यंत्र आता गप हाय. काकी नाराज हाईत का न्हाईत, ते आता कळंल. शब्द मागं घ्यायचा तर कावळा शिवल्यावर घ्या."

दोघं भाऊ एकेक पाऊल मागं सरकले. आईपुढं दोघांचंही कधी चाललं नव्हतं, आणि वृषाली त्या वेळी थेट काकीसारखी दिसत होती.

मग ती घराकडे आली. खाली कुलूप उघडल्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आला, तेलात काहीतरी चुर्र फुलल्याचा आला. मी वरून हाक मारली, "तेवढा स्क्रू ड्रायव्हर आणतेस का?"

तिनं अंगणात येऊन वर बघितलं. एका हातात ताटली, त्यात पांढरीशुभ्र फुललेली कुरडई.

"अजिबात हलायचं न्हाई," ती म्हणाली आणि घाटाकडे गेली.

मी हललो नाही. तळवे निघाले की डोळ्याला सगळं दिसणार, मग किंचाळी, मग कावळा गेला तो गेला. तिनं पिंडापुढं कुरडई ठेवली, हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं नाही. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, उघड्या डोक्याला ऊन लागत होतं आणि नाकाला खाज सुटली होती. नाकाला खाज फक्त हात गुंतलेले असतानाच सुटते.

आणि कावळा आला. टाकीवर बसेल असं वाटलं होतं. पण टाकीपेक्षा उंच काहीतरी त्याला दिसलं आणि तो माझ्या डोक्यावर उतरला.

कावळ्यानं आधी तुळतुळीत बाजूवर पाय टेकून बघितला, घसरला, मग केसाळ बाजूवर सरकला. तिथून त्यानं घाटाची पाहणी केली. मग घरट्याची आठवण झाली असावी, कारण त्यानं माझे चार केस उपटले. मी डोळे मिटले. काकी, म्हटलं, काय करायचं ते कर, पण लवकर कर. मी माणूस आहे याचा त्या पक्ष्याला पत्ताच नव्हता, आणि पहिल्यांदाच माझ्या न दिसण्याचा कुणालातरी उपयोग होत होता.

डोकं हलकं झालं. मी डोळे उघडले. कावळा कट्ट्यावर होता. चहाकडे बघितलं नाही, बुंदीकडे नाही, रिमोटवरून तर चालत गेला. कुरडईचा एक तुकडा मोडला, मग पिंडात चोच घातली आणि उरलेली कुरडई अख्खी उचलून चिंचेकडे गेला.

"शिवला," महाराज माइकवर म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

हौशीरामनं भरतला मिठी मारली. दोघंही आईच्या नावानं हमसून रडले. पुढच्या यात्रेत दोघांची नावं एका दमात घ्यायची असं तिथंच ठरलं. आता शब्द मागं घ्यायचं कुणी बोललं नाही. वृषाली रडत रडतच हसत होती. मी तसाच पाइप धरून उभा होतो. सगळे जेवायला गेले. पहिली पंगत उठल्यावर गेणभाऊंना आपलं कापड कुठं गेलं म्हणून माझी आठवण झाली.

सेन्सर मी दुसऱ्याच दिवशी मोईजला परत दिला. तो आता एका द्राक्षाच्या बागेत आहे आणि चांगला ओरडतो असं ऐकतो.

काकीच्या पिंडापुढं हात जोडून वृषाली काय पुटपुटली होती, ते मला पुढच्या एप्रिलमध्ये कळलं. कुरडया वाळत घातल्या आणि तिनं माझ्या हातात काठी दिली.

"मी शब्द दिलाय काकींना," ती म्हणाली. "पुन्यांदा यंत्र लावणार न्हाई. कुरडयांपाशी दरसाल हेच बसतील. असं म्हनले, आन् लगेच कावळा आला."

प्रत्यक्ष कावळ्यानं मान्य केलेला ठराव आहे. मी दरसाल बसतो. परवा एक कावळा आला, मधोमध असलेली सुबक कुरडई त्यानं उचलली आणि माझ्या काठीच्या टोकावर बसून सावकाश खाल्ली. दुसरा कावळा उतरायला लागला तर यानं त्याला टोचून हाकलून दिलं. संध्याकाळी वृषालीनं विचारलं, "राखण झाली का नीट?"

झाली म्हटलं. कोणी केली ते तिनं विचारलं नाही.